जालन्यात सामान मागं ठेवून लढाई जिंकणारा वेलिंग्टन, पण त्याचीच शेवटची गाडी चिखलात रुतली

जालना जिल्ह्यात असई नावाचं गाव आहे. एका बाजूला केळना नदी, दुसऱ्या बाजूला जुई नदी आणि दोन्हींच्या मध्ये काळ्या मातीची शेतं. शाळेच्या पुस्तकात हे गाव एका ओळीत येऊन जातं. सन १८०३, दुसरं इंग्रज-मराठा युद्ध, असईची लढाई, जिंकला आर्थर वेलस्ली.

हाच वेलस्ली पुढं ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. १८१५ मध्ये वॉटर्लूला त्यानं नेपोलियनला हरवलं, नंतर तो इंग्लंडचा पंतप्रधान झाला. इतकं नाव कमावलेल्या या माणसाच्या आयुष्यात एक साधा प्रश्न सतत येत राहिला. आपण मागं काय ओढत नेतोय आणि ते ओढणाऱ्याला झेपतंय का?

आज गाडीच्या मागं ट्रेलर जोडणाऱ्याला किंवा ट्रॅक्टरला ट्रॉली लावणाऱ्याला हाच प्रश्न पडायला हवा. वेलस्लीनं त्याचं उत्तर शोधलं ते बैलांच्या जिवावर, आणि त्याची सगळ्यात मोठी परीक्षा झाली ती जालन्यात.

थंडीत शिकलेला पहिला धडा

आर्थर वेलस्लीचा जन्म १७६९ चा, आयर्लंडमधला. घराणं सरदारी होतं, पण वडील तो लहान असतानाच वारले आणि घरची परिस्थिती ओढाताणीची झाली. आर्थर अभ्यासात यथातथाच. फ्रान्समधल्या अँजे इथल्या घोडेस्वारीच्या शाळेत त्याला पाठवलं आणि १७८७ मध्ये तो लष्करात भरती झाला.

१७९४ च्या मोहिमेत तो नेदरलँड्सच्या भागात लढत होता. त्या हिवाळ्यात इंग्रज फौजेचे फार हाल झाले. शत्रूच्या गोळ्यांपेक्षा थंडी, उपासमार आणि आजारपण यांनी जास्त माणसं मारली. अन्न होतं तिथं गाड्या नव्हत्या आणि गाड्या होत्या तिथं रस्ता नव्हता. काय करू नये हे आपण तिथं शिकलो, असं तो पुढं सांगायचा.

१७९७ मध्ये तो कलकत्त्याला उतरला. पुढच्याच वर्षी त्याचा थोरला भाऊ रिचर्ड गव्हर्नर जनरल म्हणून आला. भावाच्या वशिल्यानं आर्थरला मोठ्या जबाबदाऱ्या मिळाल्या हे खरं आहे. पण त्या पेलायच्या तर हिंदुस्थानात फौज कशी हलते हे शिकणं भाग होतं.

इथं फौज बैलांवर चालायची

१७९९ मध्ये टिपू सुलतानावर कंपनीची फौज चालून गेली. तोफा, तोफगोळे, धान्य, दारू, तंबू, सगळं बैलांवर. तोफा बैल ओढायचे आणि धान्य पाठीवर वाहणारेही बैलच. बैल थकले की अख्खी फौज थांबायची. त्या वाटेवर चाऱ्यावाचून इतके बैल मेले की कित्येक ठिकाणी सामान तिथंच टाकून पुढं जावं लागलं.

४ मे १७९९ ला श्रीरंगपट्टण पडलं, टिपू मारला गेला आणि शहराचा ताबा आर्थर वेलस्लीकडं आला. तिथं त्याला एक खजिना सापडला, तो सोन्याचा नव्हता. म्हैसूरच्या वडियार राजांनी गाई-बैलांच्या पैदाशीसाठी एक खातं सुरू केलं होतं. हैदर अली आणि टिपूनं ते वाढवलं आणि टिपूच्या काळात त्याला अमृत महल हे नाव मिळालं. या जातीचे बैल अंगानं फार थोराड नसतात, पण चिवट असतात आणि झपाझप चालतात. हैदर आणि टिपूच्या तोफा इतक्या चटकन कशा हलतात, या कोड्याचं उत्तर या बैलांमध्ये होतं.

१८०० मध्ये धोंडजी वाघाचा पाठलाग करताना वेलस्लीनं हे ज्ञान वापरलं. तुंगभद्रा, मलप्रभा, कृष्णेच्या मुलखात महिनोन्‌महिने हा पाठलाग चालला आणि १० सप्टेंबर १८०० ला धोंडजी मारला गेला. घोडेस्वारांशी बरोबरी करायची तर मागचं ओझं हलकं आणि ओढणारा बैल धडधाकट पाहिजे, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं.

पुढच्या मोहिमेची तयारी करताना त्यानं किती बारकाईनं विचार केला, ते त्याच्या मागण्यांवरून दिसतं. खारवलेलं मांस ५४ पौंडांच्या, म्हणजे साधारण २४ किलोंच्या पिंपांत हवं. दारू सहा गॅलनच्या पिंपांत, लोखंडी पट्ट्या मारलेली हवी. सगळे डाग एकसारखे असले की बैलाच्या दोन्ही बाजूंना सारखं वजन बसतं. एका बाजूला झुकलेलं ओझं बैलाची पाठ सोलतं आणि चार दिवसांत तो बैल निकामी होतो.

तोफगाडा म्हणजे त्या काळचा ट्रेलर

तोफ ओढायची पद्धत समजून घेतली की पुढची गोष्ट जास्त कळते. तोफेच्या गाड्याला दोन चाकं असायची आणि मागं लाकडाची लांब शेपटी. प्रवासात ही शेपटी उचलून पुढच्या दुसऱ्या दोनचाकी गाड्याला अडकवायची आणि त्या गाड्याला बैल जुंपायचे. म्हणजे पुढं ओढणारा, मध्ये एक सांधा आणि मागं दोन चाकांवर जड ओझं. आजच्या कारमागच्या ट्रेलरची रचना हीच आहे.

त्यामुळे दुखणीही तीच. शेपटीकडं वजन फार कमी पडलं तर सांधा वर उचलला जातो आणि मागची गाडी डोलायला लागते. फार जास्त पडलं तर ओढणारा दबतो. चढावर ओढायला जोर लागतो हे सगळ्यांना कळतं, पण खरा धोका उतारावर असतो. तिथं मागचं वजन पुढच्याला ढकलतं. म्हणून उतारावर तोफेला मागून दोर बांधून माणसं ओढून धरायची किंवा चाकाला साखळी लावून ते फिरू द्यायचं नाही.

पुणे, अहमदनगर आणि गोदावरी

ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरा बाजीराव पळून वसईला गेला आणि ३१ डिसेंबरला त्यानं इंग्रजांशी तह केला. त्याला परत गादीवर बसवायला वेलस्ली म्हैसूरकडून निघाला.

पुणं जाळलं जाणार अशी बातमी वाटेत त्याच्या कानावर आली. त्यानं तोफा आणि जड सामान मागं ठेवलं, घोडेस्वार घेतले आणि सुमारे ९५ किलोमीटर अंतर ३२ तासांत कापून २० एप्रिल १८०३ ला पुणं गाठलं. मागचं ओझं सोडलं की काय होऊ शकतं, हे त्यानं स्वतःच करून पाहिलं.

दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्याशी बोलणी फिसकटली आणि ऑगस्टमध्ये युद्ध सुरू झालं. १२ ऑगस्टला अहमदनगरचा किल्ला पडला. पण तो ऐन पावसाळा होता. चिखल, भिजलेला चारा आणि ओलं जू यांनी त्याचे बैल पटापट मरत होते. गोदावरी भरून वाहत होती, पूल नव्हता. वेलस्लीनं वेताच्या टोपल्यांना कातडं लावून नावा करून घेतल्या आणि त्यांतून फौज पलीकडं नेली. रस्त्यात नदी लागणार हे माहीत असेल तर ती ओलांडायची सोय निघण्याआधी करायची, असा त्याचा शिरस्ता होता.

धान्यासाठी त्याची भिस्त होती बंजाऱ्यांच्या तांड्यांवर. हजारो बैलांवर धान्य लादून फिरणारे हे तांडे नसते, तर कोणाचीच फौज दख्खनमध्ये टिकली नसती. ना मराठ्यांची, ना निजामाची, ना कंपनीची.

बदनापूरची भेट

कंपनीची दुसरी फौज कर्नल स्टीव्हन्सनच्या हाताखाली होती. तिनं २ सप्टेंबर १८०३ ला जालना घेतलं. २१ सप्टेंबरला वेलस्ली आणि स्टीव्हन्सन बदनापूरला भेटले. शिंदे-भोसल्यांची फौज भोकरदनच्या बाजूला होती. दोघांनी वेगवेगळ्या वाटांनी जायचं आणि २४ तारखेला मिळून हल्ला करायचा, असं ठरलं.

दोन वाटा घेण्यामागं कारण साधं होतं. एवढ्या मोठ्या फौजेचे गाडे आणि बैल एकाच अरुंद वाटेत घातले असते, तर पुढचं टोक पोहोचेपर्यंत मागचं टोक जागेवरून हललंच नसतं.

२३ सप्टेंबरला सकाळची मजल मारून वेलस्ली नळणीजवळ पोहोचला. तिथं कळलं की मराठ्यांची फौज अगदी जवळ आहे, दहा किलोमीटरच्या आसपास. स्टीव्हन्सनची वाट बघावी, तर शत्रू निसटेल किंवा आपल्याच सामानावर त्याचे घोडेस्वार तुटून पडतील. वेलस्लीनं ठरवलं की आजच लढायचं.

आणि त्यानं पहिली गोष्ट केली ती सामानाची. तंबू, गाडे, ओझ्याचे बैल असं सगळं नळणीला ठेवलं आणि राखणीला शिपाई ठेवले. पुढच्या छोट्या पल्ल्यावर सोबत घेतल्या त्या फक्त माणसं, घोडे आणि वीसेक तोफा.

दोन गावं समोरासमोर आहेत, म्हणजे उतार असणार

समोर जे होतं ते बघून कोणीही माघारी फिरलं असतं. कंपनीची कवायती फौज पाच हजारांच्या आत होती आणि जोडीला म्हैसूरचे आणि पेशव्यांचे मिळून पाचेक हजार घोडेस्वार. पलीकडं शिंद्यांची दहा हजारांहून जास्त कवायती पायदळ फौज, तिचा सेनापती पोलमन नावाचा जर्मन, शंभरच्या आसपास तोफा आणि तीस हजारांहून जास्त घोडेस्वार.

मध्ये केळना नदी होती. वाटाड्यांनी सांगितलं की इथं उतार नाही. वेलस्लीनं दुर्बिणीतून बघितलं तर नदीच्या दोन्ही काठांवर पिंपळगाव आणि वरूड ही गावं जवळजवळ समोरासमोर होती. दोन गावं इतकी जवळ असतील तर माणसं आणि गाड्या मधून जात-येत असणारच, असा त्यानं अंदाज बांधला. माणूस पाठवून खात्री केली. उतार होता.

तोफा घेऊन फौज त्या उतारातून पलीकडं गेली. पलीकडं केळना आणि जुई यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात मराठा फौजेच्या बगलेवर हल्ला करायचा त्याचा बेत होता. पण पोलमननं आपली सगळी फौज तोफांसकट झपाट्यानं फिरवून वेलस्लीच्या समोर उभी केली. जड तोफा इतक्या लवकर वळवता येतील, असं वेलस्लीला वाटलं नव्हतं.

बैल पडले आणि तोफा थांबल्या

मराठ्यांच्या तोफांनी जो मारा केला, तो वेलस्ली जन्मभर विसरला नाही. पहिला तडाखा बसला तो त्याच्या तोफा ओढणाऱ्या बैलांना. बैल धडाधड पडले. जुंपलेल्या रांगेतला एक बैल पडला की त्याच्या दोरांत बाकीचे अडकतात. सोडवायला माणूस गेला तर तोही पडतो. थोड्याच वेळात त्याच्या तोफा शेतात जागच्या जागी उभ्या राहिल्या.

आता दोनच वाटा होत्या. तोफांसाठी थांबायचं आणि तिथंच मरायचं, किंवा तोफा सोडून पुढं जायचं. त्यानं तोफा सोडल्या आणि पायदळाला संगिनी लावून सरळ मराठ्यांच्या तोफांवर घातलं.

लढाई तो जिंकला, पण किंमत जबर होती. त्याचे ४२८ मेले आणि ११०० हून अधिक जखमी झाले. त्याच्या मांडीखालचा एक घोडा गोळीनं मेला, दुसऱ्याला भाला लागला. मराठ्यांचे गोलंदाज शेवटपर्यंत तोफांपाशी राहिले. काही जण मेल्याचं सोंग घेऊन पडले आणि शत्रू पुढं गेल्यावर उठून त्याच्या पाठीवर पुन्हा तोफा डागू लागले. ९८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या.

त्या रात्री विजयी फौजेला तंबू नव्हते, कारण तंबू नळणीला होते. सेनापतीसकट सगळे मेलेल्या आणि जखमी माणसांमध्येच झोपले. सामान मागं ठेवल्यानं लढाई जिंकता आली, पण त्याची किंमतही होती. पुढचे कित्येक दिवस इतक्या जखमींना न्यायचं कसं, हाच मोठा प्रश्न होता. शेवटी त्यांना अजिंठ्याला हलवलं. वेलस्ली लगेच पाठलागावर निघू शकला नाही, त्याचं एक मोठं कारण हेच.

गाविलगडाच्या डोंगरात

२९ नोव्हेंबरला आताच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावला आणखी एक लढाई झाली. मग उरला मेळघाटातला गाविलगड. किल्ल्याच्या उत्तर बाजूनं भिंत पाडायची तर मोठ्या तोफा डोंगरातून फिरवून न्यायला हव्यात. रस्ताच नव्हता. स्टीव्हन्सनच्या फौजेनं आधी रस्ता केला आणि मग जवळपास ५० किलोमीटरच्या त्या वाटेवर बराचसा भाग तोफा माणसांनी हातानं ओढल्या. बैल जिथं चालत नाही तिथं दोर आणि माणसं. १५ डिसेंबर १८०३ ला गाविलगड पडला. डिसेंबर संपायच्या आत भोसल्यांशी देवगावला आणि शिंद्यांशी सुर्जी अंजनगावला तह झाले.

१८०५ मध्ये वेलस्ली मायदेशी निघाला. वाटेत त्याचं जहाज सेंट हेलेना बेटावर थांबलं. दहा वर्षांनी याच बेटावर नेपोलियनला कैदेत ठेवलं जाणार होतं.

स्पेनमध्ये आठवलेले म्हैसूरचे बैल

१८०८ पासून सहा वर्षं तो पोर्तुगाल आणि स्पेनमध्ये नेपोलियनच्या फौजांशी लढला. तिथंही तेच. पोर्तुगीज बैलगाड्या कुरकुरत रांगायच्या, डोंगरात खेचरं लागायची, गाडीवान मध्येच पळून जायचे. तिथून त्यानं म्हैसूरच्या बैलांची आठवण काढली आणि ते इथं असते तर किती बरं झालं असतं, अशी हळहळ व्यक्त केली.

१८१५ मध्ये वॉटर्लू झालं आणि तो युरोपातला सगळ्यात मोठा सेनापती ठरला. तरी आपली सगळ्यात चांगली लढाई कोणती, असं विचारल्यावर त्यानं असईचं नाव घेतलं होतं.

रेल्वेचा पहिला दिवस

१५ सप्टेंबर १८३० ला लिव्हरपूल ते मँचेस्टर रेल्वेचं उद्घाटन झालं. पंतप्रधान म्हणून वेलिंग्टन पाहुणा होता. आयुष्यभर बैल आणि घोडे बघितलेला माणूस आता वाफेच्या इंजिनामागच्या डब्यात बसला होता.

पाणी भरायला गाडी थांबली तेव्हा विल्यम हस्किसन हे खासदार खाली उतरले आणि वेलिंग्टनच्या डब्यापाशी गेले. तेवढ्यात शेजारच्या रुळावरून रॉकेट हे इंजिन आलं. त्याला ब्रेक नव्हता. थांबवायचं तर चाकं उलटी फिरवावी लागत आणि त्यात वेळ जाई. हस्किसन त्याच्याखाली आले आणि त्याच संध्याकाळी वारले. उतारावर दोरानं तोफ रोखून धरणारी फौज बघितलेल्या माणसासमोर, थांबता न आलेल्या इंजिनानं जीव घेतला. वेलिंग्टनचं रेल्वेबद्दलचं मत पुढं फारसं चांगलं राहिलं नाही.

शेवटची गाडी

१४ सप्टेंबर १८५२ ला तो वारला, वय ८३. १८ नोव्हेंबरला लंडनमध्ये त्याची अंत्ययात्रा निघाली. दहा लाखांहून जास्त माणसं रस्त्यावर होती असं सांगतात.

शवपेटीसाठी खास गाडा बनवला होता. वॉटर्लूला जिंकलेल्या तोफा वितळवून त्याचं कांस्य ओतलं होतं. त्यावर शस्त्रं, झेंडे, नक्षी, छत असं सगळं चढवत नेलं आणि गाड्याचं वजन कित्येक टनांवर गेलं. ओढायला बारा घोडे जुंपले.

पल्ला फक्त काही किलोमीटरचा होता. तरी मॉल नावाच्या रस्त्यावर गाड्याची चाकं रुतली. घोड्यांना तो हलेना. शेवटी पोलिसांनी आणि सैनिकांनी हात लावून ओढला तेव्हा कुठं तो निघाला. सेंट पॉल चर्चपाशी शवपेटी उतरवायची यंत्रणाही अडकली आणि तासभर सगळे थंडीत थांबून राहिले.

नळणीला सगळं सामान उतरवून असईला गेलेल्या माणसाला, त्याच्याच लोकांनी चाकांना न झेपणाऱ्या ओझ्यावर चढवून नेलं होतं. तो गाडा आजही इंग्लंडमध्ये त्याच्या स्ट्रॅटफील्ड से या घरी ठेवलेला आहे.

जवळच तर जायचंय

महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. हळूहळू गाडीमागं राहण्याचा ट्रेलर जोडून फिरणारे लोकही दिसायला लागतील. ट्रॅक्टरमागच्या ट्रॉल्या तर भोकरदन-जालना रस्त्यावर रोजच धावतात. बहुतेक वेळा पल्ला छोटा असतो आणि जवळच तर जायचंय म्हणून काहीच तपासलं जात नाही.

वेलस्लीची सगळी मेहनत या छोट्या पल्ल्यांवरच होती. त्याच्या सवयी आजच्या भाषेत आणल्या तर त्या अशा. ओढणाऱ्या गाडीला किती वजन झेपतं ते कंपनीच्या पुस्तकात बघा आणि त्याच्या आत राहा. जड सामान ट्रेलरच्या चाकांच्या थोडं पुढं आणि खाली ठेवा, दोन्ही बाजूंना सारखं. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण दहावा हिस्सा हूकवर येऊ द्या, म्हणजे मागची गाडी डोलत नाही. हूकची पिन नीट बसली का बघा आणि जोडीला साखळी लावा. मागचे दिवे आणि रिफ्लेक्टर चालू पाहिजेत. उताराला आधीच खालचा गिअर घ्या आणि पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवा, कारण थांबायला वेळ लागणारच. ट्रेलर डोलायला लागला तर जोरात ब्रेक मारू नका, अॅक्सिलरेटर सोडा आणि स्टिअरिंग सरळ धरा.

आणि निघण्याआधी ट्रेलरमध्ये एकदा नजर टाका. जे लागणार नाही ते खाली उतरवा. केळनेच्या अलीकडं वेलस्लीनं एवढंच केलं होतं.